कुत्रं-मांजर गेल्यावर पहिले काही दिवस कसे काढायचे

आधी व्यवहाराचं बघू, कारण त्या वेळी डोकं अजिबात चालत नाही. जीव गेल्यावर काही तासांत अंग ताठ व्हायला लागतं, म्हणून पाय अलगद पोटाशी घ्या आणि जुन्या चादरीत गुंडाळा, खाली प्लास्टिक अंथरा (शी-शू सुटते, घाबरू नका), एसी असेल तर लावा नाहीतर बर्फाच्या पिशव्या ठेवा आणि व्हेटला फोन करा, जवळपास दहनाची सोय कुठे आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं. मुंबईत मालाडला पालिकेची प्राण्यांसाठी दहनभट्टी २०२३ मध्ये सुरू झाली. स्वतःची जागा असेल तर पुरा, पण खड्डा चांगला तीनेक फूट खोल हवा, नाहीतर भटकी कुत्री उकरतात, आणि विहिरीपासून लांब. सोसायटीच्या बागेत रात्री गुपचूप पुरायच्या भानगडीत पडू नका.

आता खरं दुखणं. रडू येतं ते येऊन जातं हो, पण "आदल्या दिवशीच नेलं असतं तर?" हे जे सुरू होतं ना रात्री दोन वाजता, ते माणसाला पोखरतं. यावर मला एकच उपाय पटतो, आठवडाभराने सगळी फाईल घेऊन व्हेटकडे जा आणि तोंडावर विचारा, आमचं काय चुकलं का? कारण खरं काय ते कळलेलं बरं. उदाहरणार्थ म्हाताऱ्या मांजरांची किडनी, रक्तात क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत साधारण तीन चतुर्थांश काम आधीच बंद पडलेलं असतं, आणि मांजर दुखणं लपवण्यात पटाईत, मग तुम्हाला कळणार कुठून? इंजेक्शन देऊन सोडवलं असेल तर तेही विचारून घ्या. ते भुलीच्या औषधाचाच मोठा डोस असतं, आधी शुद्ध जाते, मग हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, ते बघून कित्येक जण महिनोन्महिने झुरतात की शेवटी ती माझ्याकडेच बघत होती, पण तेव्हा तिला काहीच कळत नसतं.

लोक म्हणणार, "कुत्रंच तर होतं, दुसरं आण." अशांना समजावत बसू नका, एवढंच सांगा की साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, जाऊन या एकदा. ऑफिसात सुट्टी मागताना मात्र सरळ "तब्येत बरी नाही" म्हणा, खोटं थोडीच आहे ते.

मुलांना "गावी पाठवलं", "फार्महाऊसवर सोडलं" असलं काही सांगू नका, ती वाट बघत बसतात. गेला, परत येणार नाही, एवढं सांगा आणि प्रश्न विचारू द्या, तेच तेच विचारतील, चालतं.

सगळ्यात छळतात त्या सवयी. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा बाजूला काढला जातो आणि मग तो हातातच राहतो. तो तुकडा खाली कावळ्याला, गल्लीतल्या कुत्र्याला, कुणालाही घाला पण घाला. संध्याकाळच्या फिरायच्या वेळी घरात बसू नका, रस्ता बदलून का होईना पण निघा. भांडं, पट्टा लगेच फेकू नका, माळ्यावर टाका, नंतर ठरवा. उरलेलं खाणं मात्र एक्स्पायरी बघून भटक्यांना खायला घालणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. घरात दुसरं कुत्रं-मांजर असेल तर तेही शोधत फिरतं, कमी खातं, पण मांजराने दिवसभर तोंडच लावलं नाही तर दुःख म्हणून सोडून न देता डॉक्टरला दाखवा.

झोप, जेवण दोन-तीन आठवडे पार बिघडलेलं असेल किंवा जगावंसंच वाटत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुत्र्यासाठी फोन कसा करू म्हणून लाजू नका.

आणि नवीन पिल्लाचं, घाई नको, आणि पहिलं पार्वोने गेलं असेल तर अजिबातच नको, तो विषाणू घरात-अंगणात महिनोन्महिने टिकतो. फरशी, भांडी ब्लीचच्या पाण्याने धुवा, अंथरूण जाळा आणि आणायचंच झालं तर लसींचा पूर्ण कोर्स झालेलं जरा मोठं कुत्रंच आणा.