कुलवृत्तांतातील जुने कागद वाचता येतील असे कसे छापावेत

कुलवृत्तांत सिद्ध करताना बहुतेक घराणी मजकुरावर वर्षानुवर्षे मेहनत घेतात आणि त्या मजकुराला आधार देणारे कागद मात्र पुस्तक छापखान्यात जाण्याच्या सुमारास घाईघाईने जोडतात. मग आजोबांच्या आजोबांचे नाव ज्या एकाच कागदावर सापडले, तो कागद पुस्तकात काळपट, हातभर लांबून ओळखूही न येणारी चौकट होऊन बसतो. वंशावळीतील विधान वाचकाला स्वतः पडताळता यावे, एवढ्यासाठीच मूळ कागद छापायचा असतो. त्यामुळे त्यावरील नाव, गाव आणि तारीख भिंगाशिवाय वाचता येणे ही या कामाची किमान अट मानावी.

सुरुवात पुस्तकाच्या आकारापासून करावी. डेमी आकाराचे पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. समास सोडल्यावर चित्राला जेमतेम सव्वाचार इंच रुंदी उरते. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल हा नेहमीचा दंडक धरला, तर 1275 पिक्सेल रुंदीचे चित्र तेथे पुरते. तथापि एवढ्यावर समाधान मानू नये. आठ इंच रुंदीचा फेरफार उतारा सव्वाचार इंचांत बसवला की चार मिलिमीटरचे अक्षर जेमतेम दोन मिलिमीटरचे होते, आणि स्कॅन कितीही उत्तम असला तरी वृद्ध वाचकाला ते लागत नाही. अक्षर दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायचे नाही, असा माझा ठोकताळा आहे. ते जात असेल तर कागद पानावर आडवा छापावा, समोरासमोरच्या दोन पानांवर विभागावा, अथवा पूर्ण कागदाचे लहान चित्र देऊन त्याखाली नावाची ओळ मोठी करून छापावी. हा शेवटचा उपाय मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्यात कागदाचे एकूण स्वरूपही कळते आणि नेमका पुरावाही डोळ्यांसमोर येतो. मोडीतील लांबलचक कागद तुकड्यांत छापताना आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या तुकड्यात पुन्हा घ्याव्यात, म्हणजे सलगता तुटत नाही.

स्कॅन शक्यतो मूळ कागदावरूनच करावा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे अनेक घरांत गाव नमुना 14 मधील (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील) उताऱ्यांच्या झेरॉक्स आल्या आहेत, पण झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्समध्ये बारीक रेषा गेलेल्या असतात आणि त्या कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. जीर्ण कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात कधीही घालू नये. सपाट काचेच्या स्कॅनरवर तो रंगीत, 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 पिक्सेल) स्कॅन करून टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल स्वरूपात जतन करावा. कागदाच्या मागील बाजूची शाई पुढे उमटत असेल तर पाठीमागे काळा कागद ठेवावा, तिचा त्रास बराच कमी होतो. अभिलेखागारात स्कॅनर वापरता येत नसेल आणि छायाचित्राची परवानगी असेल, तर फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, कॅमेरा कागदाला अगदी समांतर धरून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. ते पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. अन्यथा पिक्सेल वाटेतच कमी होतात.

रंगीत स्कॅनचा आग्रह मी एका विशेष कारणासाठी धरतो. 2019 आणि 2021 च्या पंचगंगेच्या पुरात कोल्हापुरातील कित्येक घरांतील दप्तरे भिजली आणि कागदांवर पिवळसर तपकिरी डाग राहिले. रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचे बनलेले असते. त्यांतील केवळ लाल थर घेऊन करडे चित्र तयार केले की डाग फिके पडतात, परंतु काजळीची शाई प्रत्येक थरात काळीच राहत असल्याने मोडी अक्षर ठसठशीत उठून दिसते. जांभळा शिक्का वाचायचा असेल तर हिरवा थर घ्यावा, कारण त्यात जांभळा रंग सर्वांत गडद येतो. शिक्क्याखालचे अक्षर वाचायचे असेल तर निळा किंवा लाल थर पाहावा. जिम्प या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हे थर वेगळे करता येतात.

चित्र निव्वळ काळे-पांढरे मात्र करू नये. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली असतात. काळ्या-पांढऱ्यात जाड रेघ शिल्लक राहते आणि अक्षरांचे बारीक फाटे तुटतात, त्यामुळे करडी छटाच ठेवावी. डाग पुसणे, फाटलेला कोपरा भरून काढणे किंवा पुसट अक्षर गिरवणे यांना मी पूर्णपणे नकार देईन. उजेड आणि गडदपणा यांपलीकडे फेरफार केलेला कागद पुरावा राहत नाही, आणि मूळ स्कॅन तर हात न लावता वेगळाच ठेवावा.

पुस्तक वर्डमध्ये जुळवत असाल तर चित्रे टाकण्यापूर्वी ऑप्शन्समधील अ‍ॅडव्हान्स्ड विभागात जाऊन ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ ही खूण करावी, आणि पीडीएफ काढताना ‘मिनिमम साइझ’ हा पर्याय टाळावा.

प्रत्येक चित्राखाली कागद कोणाकडे आहे, दप्तराचा किंवा नोंदीचा क्रमांक कोणता आणि मूळ तारीख काय हे द्यावे. मूळ सन जसाच्या तसा लिहून पुढे इसवी सन लिहावा: महिन्यानुसार शकात 78 किंवा 79, आणि जुन्या दप्तरांत आढळणाऱ्या कालगणनांपैकी फसली सनात 590 किंवा 591 आणि सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवावे लागतात. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणून त्याआधीच्या स्टँपपेपरवर संस्थानची मुद्रा असेल तर तीही चित्रातून कापली जाऊ नये. मोडी कागदाबरोबर देवनागरी लिप्यंतर द्यावेच. न लागलेले अक्षर अंदाजाने न भरता तेथे टिंबे द्यावीत.

कागदाची निवड मुद्रकाशी बोलून करावी. मॅपलिथोवर (पुस्तकांच्या नेहमीच्या, लेप नसलेल्या कागदावर) शाई पसरते आणि करड्या छटा गडद होतात, म्हणून त्यासाठी चित्र पडद्यावर किंचित फिके ठेवावे. खर्च झेपत असेल तर सर्व कागदपत्रे एकत्र करून 16 पानांचा एक फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा) मॅट आर्ट पेपरवर, म्हणजे चकाकी नसलेल्या लेपित कागदावर, छापून घ्यावा. सर्व प्रतींना संमती देण्यापूर्वी सर्वांत पुसट कागदाचे पान निवडून, प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच त्याचे प्रूफ मागवावे आणि ते घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला दिवसाच्या उजेडात वाचायला द्यावे. त्यांना नाव लागले नाही तर चित्र आणखी मोठे करावे, आणि त्यासाठी मजकुराचे एखादे पान कमी करावे लागले तरी चालेल.