तुरीतली मर: वाचलेल्या झाडाचं बी धरायचं असेल तर

तूर फुलोऱ्यात आली की दरवर्षी तेच सुरू होतं, झाडं उभ्याउभ्या सुकायला लागली, काय फवारू? काहीच नका फवारू. हा मर रोग, त्यात फ्युजारियम उडम नावाची बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते, पानावर मारलेलं औषध तिथपर्यंत पोचतच नाही.

आधी मरच आहे का बघा. झाड उपटून खोड बुडापासून उभं चिरायचं, सालीखाली काळ्या-तपकिरी रेषा दिसल्या, बाहेरून बुडापासून वर चढलेला जांभळट पट्टा दिसला, जमिनीत ओल असून झाड वाळलं किंवा एकाच बाजूच्या फांद्या वाळल्या, की मर पक्की. पावसाळ्यात झाड लहान असतानाच खोडावर खोलगट डाग पडून तिथून मोडत असेल तर तो पाणी साचून येणारा फायटोफ्थोराचा करपा, त्याला खालचं काही लागू नाही.

आता बियाणं. ज्याला एवढा खटाटोप करायचा नाही त्यानं सरळ बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६ घ्यावं, नाहीतर इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचं आशा म्हणजे आयसीपीएल ८७११९. मारुती (आयसीपी ८८६३) मरीला चांगलं टिकतं पण वांझ रोगाला (यात झाड हिरवं राहतं पण फुलं-शेंगा धरत नाही) लगेच बळी पडतं, एक रोग झेलणारं वाण दुसराही झेलेल असं धरून चालू नका.

पण घरचंच बी आवडतं, डाळ चांगली शिजते, म्हणून त्यातूनच टिकणारं काढायचं असेल तर इथं बहुतेकजण घाई करतात. मेलेल्या झाडांत एक हिरवं दिसलं की त्याचं बी ठेवतात. अहो ते झाड नुसतं निसटलेलं असू शकतं, त्याच्या मुळापाशी बुरशीच कमी असेल, किंवा लवकर पक्व होऊन मरीच्या आधीच मोकळं झालं असेल.

म्हणून शेतातला सगळ्यात वाईट, दरसाल मर लागणारा तुकडा निवडा, हो तोच, आणि त्यात दर तीन-चार ओळींनंतर हमखास मरणाऱ्या वाणाची एक ओळ टाका. ती ओळ जवळजवळ पूर्ण झोपली तरच शेजारचं हिरवं झाड खरं मानायचं, तीच वाचली तर त्या वर्षी निवड करूच नका. संशोधन केंद्रावर मुद्दाम रोगट ठेवलेल्या प्लॉटात हेच करतात.

दुसरी भानगड मधमाशीची. हरभऱ्यासारखं तुरीचं नाही, माश्या शेजारच्या झाडाचा पराग आणून टाकतात आणि तुमच्या निवडलेल्या झाडाचं बी भेसळ होतं. म्हणून चांगल्या झाडाच्या दोन-तीन फांद्यांवर कळ्या असतानाच पातळ मलमलची पिशवी बांधायची, आधीची उघडलेली फुलं आणि शेंगा खुडून टाकायच्या. आत शेंगा धरतात, काळजी नको. फक्त बांधायच्या आधी अंडी, अळी नीट बघून काढा, नाहीतर शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीला आयतं घर मिळतं.

प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत, पुडीवर नंबर. पुढच्या वर्षी त्याच तुकड्यात एका झाडाची एक ओळ, मधे परत तीच मरकी ओळ. आता झाड नाही, ओळ बघायची. निम्मी ओळ मेली तर ती पूर्ण बाद, त्यातलं एखादं दणकट झाड कितीही आवडलं तरी. उरलेल्या ओळींत परत पिशव्या बांधायच्या आणि तिसऱ्या वर्षी परत तेच. शेवटी जे उरेल त्याचा दाणा, उतारा आणि वांझ रोग बघूनच बी वाढवा. आणि पाव्हण्याला दिलं तर आधी थोडंच पेरायला सांगा, दुसऱ्या भागातली बुरशी वेगळ्या जातीची असू शकते.

निवडीचा तुकडा सोडून बाकी रानात मात्र मर कमी करायचंच बघायचं. धसकटं वेचून जाळा, त्यांत बुरशी दोन-तीन वर्षं सहज जगते, खोडवा (कापलेल्या बुडख्यातून परत फुटलेलं पीक) ठेवू नका, तुरीवर तूर न घेता मधे ज्वारी घ्या, आंतरपीक म्हणूनही ज्वारी चालते. पेरताना किलोभर बियाला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी) चोळा, रायझोबियम (नत्र धरणारं जिवाणू खत) त्याच्यानंतर, आणि बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.