फोरॅमिनिफेराची राहण्याची खोली कशी ठरवावी : अरबी समुद्रातील पद्धत

समुद्रतळाच्या गाळातील फोरॅमिनिफेराच्या (पाण्यात तरंगणाऱ्या, कवचधारी एकपेशीय जीवांच्या) कवचांवरून प्राचीन मोसमी वाऱ्यांचा इतिहास मांडला जातो. परंतु ते कवच पाण्याच्या कोणत्या थरात घडले हे ठाऊक नसेल, तर त्यावरून काढलेले तापमान कुठले, हे सांगता येत नाही.

जाळे उतरवण्याआधी सीटीडी (पाण्याची क्षारता, तापमान व खोली मोजणारे) उपकरण सोडून तापमान, क्षारता आणि क्लोरोफिल यांचे खोलीनुसार आलेख पाहावेत व त्यांवरून खोलीचे टप्पे ठरवावेत. वरच्या 100 मीटरमध्ये 20 मीटरचे टप्पे ठेवावेत, त्याखाली ते रुंद चालतील. ठरलेल्या खोलीवर उघडणारे व मिटणारे, 100 मायक्रॉन छिद्रांचे मल्टीनेट वापरावे, कारण साध्या जाळ्यात सगळे थर एकत्र होतात. 50 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे तोंड 20 मीटर सरळ वर आले की सुमारे 5 घनमीटर पाणी गाळले जाते. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवताना त्यात बोरॅक्स घालावा. तो फॉर्मॅलिनमधले आम्ल शमवतो; आम्लात कवच विरघळते.

यापुढचे काम सर्वांत जपून करावे. प्रजननाच्या वेळी पेशीद्रव्य जननपेशींत वाटले जाते आणि रिकामे कवच खाली बुडते; म्हणून पेशीद्रव्याने भरलेली कवचे वेगळी मोजावीत, अन्यथा पृष्ठभागाजवळचा जीव खोल पाण्यातला ठरतो.

राहण्याच्या खोलीची सरासरी काढताना टप्प्याची जाडी विसरली जाते, आणि माझ्या मते ही चूक फार महाग पडते. समजा, टप्पे असमान ठेवले होते आणि 0 ते 20 मीटरमध्ये प्रति घनमीटर 40, 20 ते 60 मध्ये 10 आणि 60 ते 100 मध्ये 5 जिवंत जीव मिळाले. प्रत्येक संख्येला जाडीने गुणून 800, 400 आणि 200 हे भार येतात. त्यांना 10, 40 आणि 80 मीटर या मध्यखोल्यांनी गुणून बेरजेला 1400 ने भागले की सुमारे 29 मीटर मिळतात. जाडी सोडून दिल्यास उत्तर 22 मीटर येते.

ग्लोबिजेरिनॉयडिस रुबर या जातीमध्ये सहजीवी शैवाल असते, म्हणून तो उजेडाच्या वरच्या थरात आढळतो; निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटरट्रेई बहुधा थर्मोक्लाइनच्या (खोलीनुसार तापमान झपाट्याने घटते त्या थराच्या) आसपास राहतो. ग्लोबिजेरिना बुलॉइडिसची संख्या मात्र नैर्ऋत्य मोसमी काळात ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांजवळ, खालचे थंड व पोषक पाणी वर येते तिथे, फार वाढते. त्यामुळे एका ऋतूतला आकडा वर्षभरासाठी वापरू नये, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, चंद्राची तिथी (काही जातींचे प्रजनन चंद्रचक्राशी जुळते) व थर्मोक्लाइनची खोली नोंदवावी.