पणजोबा पहिल्या महायुद्धात होते? मग शोध असा घ्या

आधी जनगणनेचा नाद सोडा. इंग्लंडमध्ये 1921 पर्यंतच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं ऑनलाइन मिळतात म्हणून आपल्याकडेही मिळतील असं वाटतं, पण 1948 च्या कायद्याने घरोघरचे फॉर्म गोपनीय आहेत, नुसते आकडे हाती येतात.

त्यापेक्षा कपाटातलं जुनं मेडल काढा आणि कडेवर बघा, चेहऱ्याच्या बाजूला नाही, कडेवर. ब्रिटिश वॉर मेडल असेल तर तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक अक्षरात कोरलेलं असतं, भिंग घ्या आणि प्लीज ब्रासो मारून घासू नका, अक्षरं झिजतात.

माणूस युद्धातून परतलाच नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी आणि कबरी सांभाळणारी संस्था) साइटवर फुकट सर्च करता येतं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, त्यामुळे बऱ्याच जणांची नोंद तिथल्या बसरा मेमोरियल या स्मारकाखाली निघते. आडनाव टाकून काही मिळालं नाही तर घाबरू नका, कित्येक नोंदींत आडनावच नाही, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, पुढे गाव आणि जिल्हा, आणि गावाचं स्पेलिंग तर साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं! म्हणून नाव अर्धवट टाका, पलटण टाका, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवत बसा.

गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत 1914-1919 लिहिलेली संगमरवरी पाटी आहे का तेही बघा, सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या आहेत, पण त्यावर बहुतेक वेळा किती जण युद्धावर गेले आणि किती मेले एवढंच असतं.