हेलसिंकीत खरेदी कुठे करावी?

सुरुवात बंदराकाठच्या काउप्पातोरी बाजारातून करा. उन्हाळ्यात इथे मटाराच्या शेंगा आणि बेरी वजनावर नव्हे, लिटरच्या मापाने मिळतात. शेंगा तिथेच सोलून खायच्या, फार गोड असतात! शेजारीच 1889 सालचं जुनं मार्केट आहे, मासे आणि चीजसाठी.

मारिमेक्को या फिनिश कंपनीचं कापड आवडत असेल तर शहरातल्या दुकानात घाई करू नका. मेट्रोने हेर्त्तोनिएमीला जा, तिथे कंपनीचं आउटलेट आहे. मीटरवर कापड घ्या. भेट म्हणून मला तेच सगळ्यात योग्य वाटतं: बॅगेत जड होत नाही, फुटत नाही.

अराबिया या फिनिश ब्रँडचे चिनी मातीचे जुने कप हवे असतील तर हिएतालाहतीच्या चौकातला उन्हाळी जुना बाजार गाठा. कप स्वेटरमध्ये गुंडाळून आणा.