बेर्गनहून एका दिवसात फियोर्ड आणि डोंगररेल्वे: आधी बोटीचं तिकीट काढा

नॉर्वेला जाणारे बरेच जण सकाळी ऑस्लोहून निघून, वाटेत फियोर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी बघून, रात्री पश्चिम किनाऱ्यावरच्या बेर्गनला पोचायचा बेत करतात. जमतं, पण दिवस फार लांबतो आणि सगळं सामान बसपासून बोटीपर्यंत ओढत न्यावं लागतं. त्यापेक्षा बेर्गनलाच दोन-तीन रात्री मुक्काम ठेवा आणि पाठीला छोटी सॅक लावून फेरी मारून या. बेर्गनहून रेल्वेने वॉस, वॉसहून बसने गुडवांगन, तिथून बोटीने फ्लॉम, मग डोंगररेल्वेने वर म्युर्दाल आणि तिथून मुख्य मार्गाच्या रेल्वेने परत बेर्गन.

या मार्गाचं एकत्र तिकीटही मिळतं. त्याला पॅकेज म्हणतात म्हणून फसू नका. झेंडा धरून पुढे चालणारा टूर मॅनेजर त्यात नसतो, हातात पडतात ती याच गाड्यांची तिकिटं. स्वतः काढायची तर सुरुवात बोटीपासून करा. रेल्वे आणि बस दिवसभरात बऱ्याच असतात, बोटी मोजक्या. बोटीची वेळ ठरली की तिला जुळणारी बस बघायची, बसला जुळणारी वॉसची गाडी. पुढच्या बाजूला फ्लॉमला तास-दीड तास मोकळा ठेवा. जेवण तिथेच होतं आणि बोट थोडी उशिरा लागली तरी जीव टांगणीला लागत नाही. शेन्गेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) असेल तर नॉर्वेसाठी वेगळा लागत नाही.

महिना निवडता येत असेल तर मेअखेर किंवा जून. डोंगरावरचं बर्फ वितळत असतं, धबधबे भरून वाहतात आणि उजेड रात्री उशिरापर्यंत टिकतो. पाऊस थांबायची वाट बघू नका, तो असणारच. बेर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. छत्री मात्र हॉटेलवर ठेवा, बोटीवरच्या वाऱ्यात ती उलटी होते. टोपीवाला रेनकोट, कानटोपी आणि हातमोजे घ्या. जूनमध्ये हातमोजे कशाला, असं मलाही वाटलं होतं. अर्ध्या तासात मोबाइल धरलेली बोटं बधिर झाली.

खाण्याचं बेर्गनच्या सुपरमार्केटमधून आदल्या दिवशीच उरका, वाटेत सगळं महाग आहे. घरून चिवडा, चकल्या खुशाल न्या. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मात्र बंदी आहे, तेव्हा पेढे राहू द्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

सकाळच्या गाडीत डाव्या खिडकीला बसा. बोगदे संपले की पाणी त्याच बाजूला दिसतं. वॉसहून गुडवांगन बसने साधारण तासभर.

गुडवांगनला बोटीत शिरल्या शिरल्या आतल्या ऊबदार खुर्च्यांकडे धावू नका, आधी वरच्या डेकवर जा. कारण सगळ्यात चिंचोळा भाग सुरुवातीलाच लागतो. हा नेरॉयफियोर्ड, २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. एका ठिकाणी पात्र जेमतेम २५० मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरच्या वर उठलेले कडे. इथल्या काही बोटी विजेवर चालतात, इंजिनाची धडधड नसते. त्यामुळे कड्यावरून पडणारं पाणी नुसतं दिसत नाही, ऐकूही येतं. पुढे आऊरलांडफियोर्डला वळलं की पाणी रुंदावतं. आत जाऊन चहा प्यायची वेळ ही. उंद्रेदाल हे शेळ्यांच्या चीजचं गाव इथेच काठावर दिसतं. तिथलं तपकिरी चीज फ्लॉमला मिळालं तर चाखा, चव थेट खरपूस भाजलेल्या खव्याची. बोटीचा प्रवास सुमारे दोन तासांचा.

फ्लॉमची रेल्वे २० किलोमीटरची, पण तेवढ्यात समुद्रसपाटीवरून जवळजवळ ८६५ मीटर वर चढते. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तरी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. इथे बराचसा मार्ग १८ ला एक, आणि तोही दातेरी रुळांशिवाय. वीस बोगदे, त्यातले अठरा हातांनी खोदलेले. १९४० साली वाफेच्या इंजिनावर ही गाडी सुरू झाली.

वाटेत क्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी पाचेक मिनिटं थांबते. दाराजवळ उभे राहा आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, फलाटावर तुषारांनी भिजायला होतं. उन्हाळ्यात तिथल्या खडकांवर लाल झग्यातली एक बाई गाण्यावर नाचताना दिसते. ती हुल्द्रा, नॉर्वेच्या लोककथांमधली, माणसांना भुलवून डोंगरात नेणारी. नाव आपल्या हडळीच्या जवळचं. फक्त आपल्या हडळीचे पाय उलटे, हिला गाईची शेपटी. प्रकार थोडा पर्यटकी आहे, पण पोरं खूश होतात.

म्युर्दालला रस्ताच नाही, फक्त रेल्वे. जूनमध्येही बर्फाचे पट्टे दिसतात, तेव्हा कानटोपी हाताशी असू द्या. आणि इथे ऑस्लोच्या दिशेच्या गाड्याही थांबतात. घाईत गर्दीमागून चढू नका, बोर्डावर बेर्गन वाचून मगच चढा.