कमी पाण्यावरची बाग : पुण्यातल्या अंगणासाठी

पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने झाडं आपल्या नळावर जगतात आणि मे महिन्यात नळालाच धार नसते. म्हणून रोप निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात आठवड्याला एक बादली मिळाली, तर हे झाड तगेल का?

आधी जमीन बघा. टेकड्यांच्या पायथ्याशी वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर सखल भागात काळी, चिकट माती. दीड फुटाचा खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर मातीत जाड वाळू किंवा मुरूम मिसळा आणि वाफा वीतभर उंच घ्या. ही झाडं तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने लवकर दगावतात.

मग निवड. जागा मोठी असेल तर बहावा, शेवगा, सीताफळ. मध्यम उंचीला पांढरा चाफा, कढीपत्ता, अडुळसा, कोरांटी. कुंपणाला बोगनवेल, तिला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, थोडा ताण बसला की फुलांनी लगडते. खाली सदाफुली, कोरफड, पानफुटी आणि ऑफिस टाइम नावाचं बुटकं फुलझाड. कण्हेर काटक आहे, पण सगळं झाड विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर लावू नका. लॉन मात्र पुण्यात लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात पाण्याशिवाय ते टिकत नाही. नर्सरीत फुलांनी भरलेलं उंच रोप घेण्यापेक्षा लहान, ठेंगणं रोप घ्या. मुळं पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ते सोडून द्या.

लागवड जूनच्या शेवटी, माती दोन-तीनदा खोलवर भिजल्यावर करा. चाफा फांदीपासून येतो, पण तिथे घाई चालत नाही. मी पहिली फांदी कापली तशी लगेच कुंडीत खोचली. पंधरा दिवसांत बुंधा मऊ पडला, बोटाने दाबला तर काळं पाणी आलं आणि वास सुटला. दुसऱ्या वेळी हातभर फांदी कापून चीक पूर्ण सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवली, मग वाळू मिसळलेल्या मातीत लावली आणि पाणी अगदी बेताने दिलं. ती जगली.

पहिलं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं. काटक झाडालाही या वर्षी पाणी लागतंच, फक्त ते खोल जायला हवं. रोज तांब्याभर ओतलं की मुळं वरच्या मातीतच राहतात आणि उन्हात भाजतात. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर चार-पाच दिवसांनी एकदा बादलीभर द्या, पहाटे किंवा संध्याकाळी. आळं खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली करा. बोट मातीत खुपसा. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. दुसऱ्या वर्षी अंतर आठ-दहा दिवसांवर न्या.

रोपाशेजारी साधं, झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की पाणी मुळांपाशी हळूहळू झिरपत राहतं. डास होऊ नयेत म्हणून तोंडावर झाकण ठेवा. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला, साबणाचं नको. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी कुंडीत वारंवार घातलं तर क्षार साठतात, ते अधूनमधून जमिनीतल्या मोठ्या झाडांनाच द्या.

आच्छादनासाठी पालापाचोळा लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत तो पोत्यांनी निघतो. बरेच जण तो जाळतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. मागून आणा, तीन-चार बोटं जाड पसरा आणि खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडा.

उन्हाळ्यात एखादं झाड निष्पर्ण झालं तर घाबरून पाण्याचा मारा करू नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. नेहमीच्या दिवशी नेहमीची बादली द्या.